मोजमाप पुस्तिका, पान एकोणीस

उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत
पावणेसहा गुंठे मोकळी जागा.
पूर्वी फौंड्री. मग कुलूप. मग घाणेरी आणि बाटल्या.
आता महापालिकेची भाजीमळा योजना:
मंजूर रक्कम चार लाख दहा हजार,
पहिला हप्ता पोचला,
दुसरा माझ्या सहीवर अडलाय.
मी कनिष्ठ अभियंता. टेप माझ्याकडं, पुस्तिकाही,
आणि खिशात एक गळकं शाईपेन.

टेपचं दुसरं टोक राजाक्का कांबळे धरते.
"सरळ धरा की सायेब,
माझ्या वाफ्याची चार बोटं तुमी खाल्लीसा."
मी परत मोजतो.
खाल्ली होती.

इथली माती म्हणजे माती नव्हेच.
काळी वाळू, मोल्डिंगची,
कोळशाची भुकटी, साखर कारखान्याची मळी,
लोखंडाच्या खपल्या.
तेहेतीस वर्षं हीच वाळू ठोकून
दस्तगीर शिकलगारांनी पंपांचे साचे धरले.
ते मूठभर उचलतात, दाबतात, मूठ उघडतात,
पाची बोटांचा ठसा तसाच उभा.
"अजून धरतीया बघा," म्हणतात,
"पोलाद ओतलं तरी हलायची न्हाई.
मुळं धरायचं मात्र हिला कुणी शिकवलं न्हाई."

म्हणून वर नऊ इंच दुसरी माती,
कसबा बावड्याहून सोळा ट्रॉल्या, पावत्या जोडल्यात.
गंगावेशीच्या म्हशींचं शेणखत, पावती नाही,
म्हशींच्या मालकाचा अंगठा आहे.
बियाणं नऊशे चाळीस रुपये.
फलक अठरा हजार.
फलकावर अकरा नावं,
त्यातल्या एकाच्याही नखात ही माती नाही.
मेथी फलकाच्या सावलीत नीट येत नाही,
हे मी शेऱ्यात लिहिलं, मग खोडलं,
मग खोडलेलं वाचता येईल इतपत राहू दिलं.

शाळा सुटली की शिकलगारांचा नातू अयान
फुटक्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून
वाफ्यांमधनं ओढत नेतो, बैल हाकल्यासारखा.
खिळे, छर्रे, चुरा,
चुंबकाला दाढी फुटते.
भंगाराचे आले तीनशे साठ.
राजाक्कानं ते वहीत जमा धरले.
योजनेत जमेला रकाना नाही, मी म्हणालो.
तिनं माझी पट्टी मागून घेतली
आणि रेघ मारली.
"झाला की. ल्ह्या."

वांगी बेचाळीस रोपं. मेथीचे वाफे सात.
दोडक्याचा मांडव जुन्या क्रेनच्या खांबाला,
खांब मालमत्तेत धरायचा की नाही, विचारून सांगतो.
आणि कोपऱ्यात, पत्र्याच्या आडोशाला,
कुणी न सांगितलेला एक फणस.

"दस्तगीरभाई, हे कुणी लावलं?"
"बी राधानगरीच्या सोयऱ्याकडचं."
"कलम सात बघा. फक्त हंगामी भाजीपाला.
जागेचा करार अकरा महिन्यांचा,
मालकी कोर्टात.
ह्याला धरायला सात-आठ वर्षं जातील."
ते काही बोलले नाहीत.
बादलीतलं उरलेलं पाणी बुंध्याला ओतलं,
साच्यात रस ओततात तसं,
न थांबता, एका धारेत, काठ न सोडता.

"कुवऱ्याची भाजी खाल्ली न्हाईसा कदी?"
राजाक्का मेथी निवडता निवडता म्हणाली.
"नारळ घालून? भाजीच हाय ती.
ल्ह्या भाजी."

मी टेप लावला.
उंची एक फूट दोन इंच, पानं नऊ,
एक किड्यानं खाल्लेलं, तेही मोजलं.
वर्णन: भाजी. नग: एक.
हंगाम ह्या रकान्यापाशी पेन थबकलं
आणि गळलं.
थेंब पसरायच्या आत दस्तगीरभाईंनी
चिमूटभर काळी वाळू पानावर सोडली,
अंगठ्यानं हळूच दाबली, फुंकर घातली.

अंगठा उमटलाय.
त्याच्याच खाली मी सही केली.